पाहुणा क्रमांक चार

ग्दिन्या बंदराच्या मागच्या गल्लीत, मासळीच्या जुन्या शीतगोदामात
आमची व्यायामशाळा.
जानेवारीत इथे सभासदांच्या आधी
भिंतींनाच घाम फुटतो.

मी दाराशी बसतो. कार्ड बघतो, टॉवेल देतो.
गेल्या हिवाळ्यात रादोस्वाफ साहेबांनी
प्रत्येक यंत्राच्या पोटात एक इवला डोळा बसवला
आणि समोर भिंतभर पडदा:
नावापुढे आकडा, आकड्यापुढे बाण,
वर नाहीतर खाली.
किती वजन ते नाही, फक्त किती वेळा.
वजन ओळखणारा डोळा महाग होता.

पडदा लागला आणि माणसं बदलली.
दातांची डॉक्टर लुडविका, वर्षाचे पैसे भरून
जी तीनदाच उगवली होती,
ती रोज येऊ लागली, बोटांना लवंगेचा वास घेऊन.
क्रेनवाला विटोल्ड पूर्वी दोन हात मारून
तासभर गप्पा हाणायचा.
आता ओठ हलवत मोजतो. मध्ये कुणी बोललं
तर तळहात दाखवून थांबवतो,
जणू जहाजच.
कायेतान पहाटे पाचला दारात, बर्फ झटकत, माझ्याही आधी.
आणि म्हातारा गेरार्ड, तळाला स्वतःचं नाव बघून
पंधरा दिवसांत येईनासा झाला.
त्याचा बाण अजून खालीच बघतो.

मार्चमध्ये सगळ्यांच्या डोक्यावर चढला
पाहुणा क्रमांक चार.
ना कार्ड, ना फोटो. प्रत्येक यंत्रावर, रोज, न चुकता,
रविवारीसुद्धा.
आकडा पुल्लिंगी, म्हणून सगळे म्हणाले: तो.
तो नौदलातला असणार. तो झोपत नसणार.
लुडविका म्हणाली, बायको गेली असेल त्याची,
नाहीतर इतकं कोण ओढतं?
त्या महिन्यात कुणीच खाडा केला नाही.
साहेब मिशीत हसले: शोधून आण त्याला,
वर्षभर फुकट येऊ दे, दारावर फोटो लावू.

एका रात्री मी दिवे मालवून
टॉवेलांच्या खोलीत दबा धरला.
साडेअकराला ब्रोनिस्वावा आली.
बादली, फडकं, गुडघ्याला गरम पट्टी.
खालची लोखंडी पाटी तिने एका हाताने उचलली,
दुसऱ्याने तिच्या पोटाखालचे केस, खडूची भुकटी पुसली,
पाटी ठेवली. पुन्हा उचलली, कोपरा राहिला होता.
मग दोर वीतवीत ओढत पुसला, सोडला,
पुन्हा ओढला.
तिच्या पाठीमागे, अंधारात,
चाराचा बाण टुकटुक वर.

मी बाहेर आलो. ती दचकली नाही.
पडद्याकडे बोट करून सगळं सांगितलं.
तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला,
तो आकडा पहिल्यांदा वाचला. चौदा हजार सहाशे बारा.
"हे पगारात धरतात?"
नाही, म्हटलं.
"मग कशात धरतात?"
मी टॉवेलांच्या घड्या नीट करू लागलो.

दुसऱ्या रात्रीपासून ती आधी प्लग काढते,
मग पुसते. म्हणाली, आपल्यामुळे
दुसऱ्यांच्या हिशोबात घोळ नको.

चार तिथेच थांबला.
कायेतान आठवडाभर पाचला आला, मग सहाला, मग
आठाला, केस विंचरून.
लुडविका आठवड्यातून दोनदा येते, तिचं हसू परत आलंय.
साहेबांना मी सांगितलं, बदली झाली त्याची.
विटोल्ड मात्र एका संध्याकाळी
दोराच्या यंत्रावर एक संत्रं ठेवून गेला.
आजारी असेल बिचारा, म्हणाला,
आला तर खाईल.

सकाळी आसन लखलखीत.
संत्रं नव्हतं. सालही नव्हती,
कचऱ्याचा डबा तिनेच रिकामा केलेला.
प्लग मी लावला.